शरणप्पा ड्रायव्हरची लाल गाडी

आप्पांच्या मातीला मल्लू आला का, असं मला अजून कुणी ना कुणी विचारतं. आला. कंटेनर बायपासवर लावून चालत आला, खांदा दिला, तिसऱ्या दिवसाचं उरकून गेला. सगळ्या नळदुर्गानं ते पाहिलं आणि "शेवटी रक्त ते रक्त" म्हणून गाव मोकळं झालं. गावाचं असंच असतं, शेवट बघायला मिळाला की पुरे. मला त्याच्या आधीचं सांगायचं आहे. ते पाहायला घरातली दोघं आणि मी, एवढेच होतो, आणि ते घडलं एका व्हिडिओ गेमपायी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आप्पा म्हणजे शरणप्पा, एसटीचे ड्रायव्हर. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. घरात कानडी, दारात मराठी, आणि गाडीवर बसले की दोन्ही बंद. सगळी नोकरी तुळजापूर, नळदुर्ग, सोलापूर या पट्ट्यात गेली. अंगानं उंच, किंचित पुढं झुकलेले. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा होता. खिडकीतून येणारं ऊन इतकी वर्षं त्या एकाच हातानं खाल्लेलं. निवृत्त झाले तरी "रिटायर झालो" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "गाडी डेपोत लागली," म्हणायचे. खाकी पँटी फाटेस्तोवर वापरल्या. चहा उभ्यानं, बशीतून, दोन घोटांत. कुणी म्हटलं, आप्पा आता कुठली गाडी सुटायलीय, बसून प्या, तर नुसतं बघायचे.

त्यांची एक गंमत साऱ्या गल्लीला माहीत होती. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नसते, हा एसटीचा नियम. तो त्यांच्या हाडात इतका मुरलेला की बाजारात निघाले तरी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे. आतून त्यांची बायको गौराक्का "हां, चला" म्हणाली की मगच पाऊल बाहेर पडायचं. ती परसात असली आणि तिला ऐकू गेलं नाही, तर हा माणूस पिशवी हातात धरून तसाच उभा. येणारेजाणारे विचारायचे, "काय आप्पा, बेल झाली न्हाय व्हय?" आप्पा गंभीरपणानं म्हणायचे, "न्हाय अजून."

माझ्या मोटरसायकलवर मागं बसले की त्यांचा पाय माझ्या पायाच्या आधी ब्रेक दाबायचा. म्हणजे रिकाम्या हवेतच दाबायचा, पण मला तो कळायचा. "गाडी पळवायला अक्कल लागत न्हाय, थांबवायला लागती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि ते नुसतं बोलायचं नव्हतं. नवरात्रात सोलापूरकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरून जातो. एकदा त्या गर्दीमागं त्यांनी भरलेली एसटी माणसाच्या चालीनं नेली. आतले प्रवासी ओरडायला लागले, एकानं तर पुढं येऊन हॉर्न वाजवा म्हणून हुकूमच सोडला. आप्पांनी वळूनही न बघता विचारलं, "आईकडं चाललेल्या मानसाच्या पाठीत भोंगा मारू व्हय? तुमाला घाई असंल तर उतरा, तुमीबी चला." उतरलं कुणी नाही. गाडी मात्र सगळ्या पायी लोकांच्या मागून तुळजापुरात शिरली. अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला त्यांच्या भिंतीवर, बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी लटकत होता, आणि दोघांनाही रोज विभूती लागायची.

असा हा थांबवण्यात हुशार माणूस. त्याला एकदाच स्वतःला थांबवता आलं नाही, आणि तेव्हा मी तिथं होतो.

मल्लू, म्हणजे मल्लिकार्जुन, त्यांचा एकुलता एक पोरगा आणि माझा बाकावरचा सोबती. आम्ही अकरावी-बारावीत असताना आमच्या बसस्टँडसमोर एका पत्र्याच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं. आत काळोख, दोन टीव्ही, अगरबत्तीचा आणि घामाचा मिळून एक वास. त्यात एक गेम होता लाल गाडीचा. समुद्राच्या काठानं रस्ता, कडेला नारळाची झाडं, वर निळं आभाळ, आणि छप्पर नसलेली लाल गाडी. आमच्यापैकी समुद्र कुणी पाहिला होता! ठरलेल्या वेळात पुढच्या टप्प्याला पोचायचं, नाहीतर गाडी तिथंच बंद पडायची. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फाटा फुटायचा, डावीकडं जा नाहीतर उजवीकडं जा. मल्लू त्यात पक्का वस्ताद. आम्ही बाकीचे पहिल्या टप्प्यात गाड्या उलट्या करायचो, हा कुठल्या कुठं जायचा. त्याच्या वळणावर त्याचे खांदेही वळायचे, आणि ओठ मिटून तो नाकातून गाडीचा आवाज काढायचा. कॉलेज बुडवून आम्ही तिथंच असायचो, हे वेगळं सांगायला नको.

कुणीतरी आप्पांच्या कानावर घातलं. एरवी त्यांची फेरी दुपारी सोलापूरहून यायची आणि तशीच पुढं तुळजापूरला जायची. त्या दिवशी ती स्टँडात शिरलीच नाही. प्रवासी भरलेली एसटी त्यांनी पार्लरच्या दारात उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरले. मी टेबलाखाली गेलो. मल्लूला पत्ताच नव्हता, तो वळणावर होता. आप्पांनी त्याला कॉलरला धरून उठवलं, उन्हात आणलं आणि एसटीच्या सगळ्या खिडक्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. "गाडी म्हंजे खेळनं वाटलं व्हय रं तुला?" खिडक्यांतून चाळीसभर डोकी बाहेर. एक बाई म्हणाली, "मारू नगासा हो, पोरगं हाय." एकजण हसला. मला वाटतं थोबाडीत नव्हे, ते हसणं मल्लूला लागलं. आप्पा पुन्हा गाडीवर चढले. कंडक्टर हबकून उभा होता. त्यानं बेल दिली नाही तरी गाडी हलली. आप्पांच्या हातून बेलशिवाय हललेली ती एकच गाडी असेल.

दुसऱ्या दिवशी मल्लू हायवेवरच्या धाब्यावरून हैदराबादच्या एका ट्रकात बसला आणि गेला. आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. जिला खेळणं समजला म्हणून मार खाल्ला, तीच गाडी पोटाला लावून बसला. पुढं कंटेनरवर गेला. सोलापूर-हैदराबाद हाच त्याचा रस्ता, म्हणजे नळदुर्गाच्या उशाशीच. महिन्यातून दोन-तीनदा तो बायपासवरून जायचा, पण घरी आला नाही. "बलिवलं तर यीन," असा त्याचा निरोप. "गेलेल्यानं यायचं आस्तं," असा आप्पांचा. दोघं एकाच मातीचे.

गौराक्का मात्र जायची. त्याचा फोन आला की हायवेवरच्या धाब्यावर डबा घेऊन जायची, लेक जेवेपर्यंत समोर बसायची आणि परत यायची. आप्पांना हे माहीत नाही असं घरात ठरलेलं होतं. ज्या दिवशी ती जायची त्याच्या आदल्या दिवशी आप्पा आपणहून शेंगा भाजायला बसायचे, फोलपटं काढायचे आणि उखळापाशी नेऊन ठेवायचे. "चटणी जरा जास्त कर," म्हणायचे, "माज्या तोंडाला चव न्हाय." एवढी चटणी कुणाच्या तोंडात जाते हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिला यायला उशीर झाला तर मात्र उंबऱ्यात येऊन उभे राहायचे, पिशवी नसतानाही.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. मी गावातच राहिलो. झेरॉक्स आणि फोटोचं दुकान टाकलं, लग्न केलं, पोट सुटलं. चाळिशी जवळ आली की माणसाला आपल्या लहानपणच्या वस्तू विकत घ्यायची खुमखुमी येते. मी ऑनलाइन एक डबा मागवला. तळहाताएवढा काळा डबा, टीव्हीला जोडायचा, सोबत दोन रिमोट, आणि आत आमच्या वेळचे सगळे गेम झाडून भरलेले. बायको म्हणाली, "पोरांसाठी घेतलाव का?" मी हो म्हटलं. तिनं विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. रविवारी दुपारी मी तो जोडला आणि पहिल्यांदा काढला तो लाल गाडीचा गेम. तेच निळं आभाळ, तेच नारळ. सुरुवातीचं ते टुणटुण संगीत वाजलं. बसस्टँडसमोरचा तो गाळा, तो वास, टेबलाखालून दिसलेल्या मल्लूच्या चपला, सगळं एकदम आठवलं.

आणि दारात आप्पा उभे.

भिंतीपलीकडून त्यांनी ते संगीत ऐकलं होतं. त्यांनी ते आयुष्यात एकदाच ऐकलेलं, इंजिनाच्या आवाजात, आणि तरी ते उठून आले होते. टीव्हीकडं बघत म्हणाले, "ह्योच का रं त्यो?"

मी म्हटलं, "हो, आप्पा. हाच."

ते आत आले, खाली बसले. मी खेळू लागलो, गाडी दोनदा उलटली. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात त्येला काय दिसत आसंल?"

मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्येला स्टेरिंग कुटाय?"

तिसऱ्या दिवशी तो डबा त्यांच्याच घरी गेला. मीच नेऊन जोडला. अक्का म्हणाली, "म्हाताऱ्याला खूळ लागलं." त्याच्या थोडं आधी सोलापूरच्या डॉक्टरांनी आप्पांचं हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं होतं, जिने चढू नका, धावपळ नको. त्यावरही अक्काच म्हणाली होती, "एवड्या वर्सात कवा मोटं दिसलं न्हाय, आता झालं तर बरंच की." आप्पा हसले होते. नवराबायकोत सगळं असं वाकड्या वाटेनंच चालायचं. सरळ बोलायचं झालं तर एकच विषय होता, आणि तो कुणी काढायचा नव्हता.

आप्पांचं खेळणं हा बघण्यासारखा प्रकार होता. आधी टीव्हीची काच ओल्या फडक्यानं पुसायची, समोरची काच पुसतात तशी. मग रिमोट कपाळाला लावायचा. मग गाडी सुरू करायची आणि थांबायचं. पडद्यावर झेंडा पडलेला, वेळ पळायला लागलेली, दुसऱ्या गाड्या सुसाट निघून गेलेल्या, आणि आप्पांची लाल गाडी आपली जागच्या जागी. मी ओरडायचो, "आप्पा, सोडा गाडी!"

"बेल कुटं झाली?"

शेवटी अक्कानं एक पितळी वाटी आणि चमचा जवळ घेऊन बसायची सवय लावून घेतली. तांदूळ निवडता निवडता ती वाटीवर दोन टोले द्यायची की गाडी हलायची. ती स्वयंपाकघरात असली तर सुरुवातीच्या रेषेवरच वेळ संपून गेम ओव्हर. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. गाडी रस्त्यात बंद पडण्यापेक्षा स्टँडात उभी राहिलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

हलल्यावरही तीच तऱ्हा. डाव्या बाजूनं चालायचं. पुढं गाडी आली की वेग कमी. ओव्हरटेक करायचं तर हॉर्न हवा, आणि गेमला हॉर्न नाही. मग ते तोंडानंच "पॉं पॉं" करायचे आणि पुढच्यानं बाजू दिली नाही की त्याच्या आईबापाची चौकशी करायचे. अशा चालीनं जेमतेम पहिला फाटा यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं होतं, उजवी वाट सोलापूरची आणि डावी हैदराबादची. ते कायम उजवीकडंच घ्यायचे. ती वाट अवघड होती, नागमोडी, थोडं पुढं गेलं की वेळ संपलीच. मी कितीदा तरी म्हटलं, "आप्पा, डावीकडची सोपी आहे. एकदा घेऊन बघा."

"आपला रूट सोलापूरचा हाय. रूट बदलायचा डायवरला अधिकार नस्तो."

हैदराबादच्या रस्त्यानं काय गेलं होतं ते मला ठाऊक होतं.

दसऱ्याला एसटीला झेंडूचे हार घालतात, तसा त्यांनी त्या डब्यालाही घातला. दोन्ही रिमोटना विभूती, टीव्हीच्या कोपऱ्यात आंब्याची पानं. मी म्हटलं, "आप्पा, हा गेम एकट्यानं खेळायचा आहे. दुसरा रिमोट काढून ठेवा, उगीच धूळ खातो."

"ऱ्हाऊ दे जोडल्याला," ते म्हणाले.

एकदा मी त्यांना त्या डब्याची नवी करामत दाखवली. आमच्या वेळी नव्हती ही सोय. एक बटण दाबून धरलं की खेळ मागं जातो. त्यांची गाडी नारळाला धडकून उलटली होती. मी बटण दाबलं. तुकडे गोळा झाले, गाडी हवेतून खाली आली, चाकं टेकली, आणि ती मागं मागं सरकत पुन्हा रस्त्यावर आली, जसं काही झालंच नव्हतं. आप्पांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. "ह्ये नगं. झाल्याला अपघात झाला. त्येचा पंचनामा करायचा आस्तो, त्यो पुसायचा नस्तो."

मागं अक्काचे तांदूळ थांबले होते. तिनं मला हळूच विचारलं, "किती मागं जातंय रे ह्ये?"

"थोडंच जातं, अक्का. काही सेकंद."

"एवडंच व्हय," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली.

पण तिच्या मनातून ते गेलं नव्हतं. पुढं कितीतरी वेळानं, खेळ बंद केल्यावर, त्यांनी आपलं ते वाक्य कशावरून तरी काढलं, गाडी थांबवायला अक्कल लागती म्हणून. अक्का एरवी ऐकून सोडून द्यायची. त्या दिवशी ताट आपटून म्हणाली, "मग त्या दिशी कुटं गेलती? पोरगं ट्रकात बसायलंय म्हनून गाव सांगाय आलं, तवा हितंच बसून व्हता न्हवं तुमी? थांबवायचं हुतं की." आप्पा उठले, आणि बाहेर जाऊन त्यांच्या जुन्या सायकलीची हवा बघायला लागले. त्या सायकलीवर कित्येक वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

मी त्यांच्या मागून गेलो. चाकात पंप मारता मारता, माझ्याकडं न बघता ते बोलले. त्यांचं एवढं लांब बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. "मला सांग सुधाकर, त्यो आला, समोर बसला, तर बोलायचं कशावर? शेत न्हाय की शेताचं बोलावं. गावचं बोलावं तर त्येला आता गावात कोन हाय? डायवरकीचं बोलावं तर म्हनंल, तुमीच मारलं त्यापायी. मग काय ऱ्हायलं? ह्योच एक गेम ऱ्हायला. त्येला ह्ये येतंय. मला याला लागलं, म्हंजे मग तेवडं तरी बोलता यील."

तेव्हा मला कळलं की आमचे आप्पा खेळत नव्हते. पोराशी बोलायला शिकत होते, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांना घाई होती. आयुष्यात पहिल्यांदाच. मी त्यांच्या हातातला पंप घेतला आणि मारत राहिलो.

अक्काला मी ते सांगितलं. तिनं पुढच्या खेपेला धाब्यावर मल्लूला सांगून टाकलं, तुझा बाप लाल गाडीचा गेम खेळतोय म्हणून. येताना ती आधी माझ्या दुकानात आली. पायरीवरच बसली. म्हणाली, "जेवायचा थांबला रे. घास तसाच हातात."

"मग? काय म्हणाला?"

"इचारलं त्येनं, कुटवर जातेत म्हनून."

हे तिनं आप्पांना सांगितलं तेव्हाही मी होतो. आप्पांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "मग तू काय सांगितलीस?"

"फाट्यापतूर, म्हटलं."

"आगं, फाट्याच्या पुडं जातो की थोडं!" ते एकदम उखडले. "एवडं सांगायचं हुतं. फाट्यापतूर कोनबी जातंय." मग दोन दिवस ते माझ्याशीही नीट बोलले नाहीत, आणि सारखं खेळत राहिले. बेल द्यायला मिनिट उशीर झाला तरी अक्कावर ओरडत होते.

त्यानंतर अक्काचा पाय मुरगळला. पाणी भरताना घोटा सुजून टम्म झाला आणि ती बाजेवर बसली. नेमका मल्लूच्या गाडीचा दिवस. चटणी झाली होती, डबा भरला होता, पण न्यायला कुणी नाही. मी नेतो म्हटलं तर ती नको म्हणाली, "त्यो तुज्यासंगं जेवनार न्हाय." धाब्यावर मल्लूनं वाट पाहिली असणार. दुपारच्याला तिच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ कॉल आला.

एरवी त्याचा फोन आला की अक्का परसात जायची. आज तिला उठता येत नव्हतं. आप्पा समोर टीव्हीपाशी खेळत होते, पाठ तिच्याकडं. मी दाराशी बसलेलो. तिनं आमच्याकडं बघितलं, आणि फोन उचलला.

दोघं कानडीत बोलायला लागले. पाय कसा आहे, किती सुजलाय, दाखव. तिनं फोन पायाकडं धरला. तिला काही तो नीट धरता येत नव्हता, पायाऐवजी कधी छत दिसत असेल, कधी भिंत. आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला नाही की वाढवला नाही. गाडी चालू होती. पण तोंडानं "पॉं पॉं" थांबलं होतं.

"दिसला का पाय?" अक्कानं विचारलं.

पलीकडून काही उत्तर नाही. मला वाटलं रेंज गेली. अक्कानंही फोन आपल्याकडं वळवून पाहिला. तेव्हा आतून आवाज आला, जाड, तंबाखूनं खरवडल्यासारखा, "त्याच बाजूला धर. टीव्हीकडं."

तिनं फोन टीव्हीकडं धरला. दोन्ही हातांनी.

पडद्यावर आप्पांची गाडी पहिल्या टप्प्याच्या शेवटाला आली होती. फाट्याची पाटी दिसू लागली. आप्पा सवयीनं उजवीकडं सरकले. आणि फोनमधून मल्लू ओरडला, पार्लरमध्ये आम्हाला ओरडायचा तसा, घरच्या भाषेत, "एडक्क! आप्पा, एडक्क!" म्हणजे डावीकडं.

आप्पांची पाठ ताठ झाली. मी त्यांचे हात पाहत होतो. काळा आणि कमी काळा, दोन्ही रिमोटवर. अंगठा हलला. लाल गाडी रस्ता तिरका कापत, कडेच्या गवतात दोन चाकं घालून, फाट्याच्या अगदी तोंडाशी डावीकडं वळली. त्या वळणावर आप्पांचे खांदेही वळले.

पुढं जे दिसलं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सरळ, मोकळा रस्ता. मल्लू बोलत राहिला. आता सोडू नका. पुढचा टेम्पो बाजू देतो, घ्या. वळण येतंय, गिअर खाली, खाली टाका... हां, आता सोडा. आप्पा तो सांगेल तसं करत गेले, नव्या ड्रायव्हरनं जुन्याचं ऐकावं तसं. एक टप्पा पार झाला. दुसऱ्यात निम्म्याला वेळ संपली आणि गाडी हळूहळू कडेला जाऊन थांबली. अक्कानं अजूनही फोन खाली घेतला नाही.

फोनमधून धाब्याचा आवाज येत होता, कुणी भांडी घासत होतं, एक ट्रक गेला. तिथून आमचं घर चालत अर्ध्या तासाच्या आत. मी मनात म्हणत होतो, ये म्हणा आप्पा. तेवढंच म्हणा.

"ठेवतो," मल्लू आईला म्हणाला. "गाडी काढायचीय." आणि फोन बंद झाला.

मी उठलो. थांबलो असतो तर त्यांना माझ्यासमोर काहीतरी करून दाखवावं लागलं असतं, रागवणं तरी, नाहीतर हसणं. चप्पल घालताना मागं वळून पाहिलं. ते तसेच बसले होते, रिमोट मांडीवर, थांबलेल्या गाडीकडं बघत. आप्पांना मी धडधाकट पाहिलं ते हे शेवटचं. पुढच्या आठवड्यात त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं.

मी अजून उंबऱ्यातच होतो. "सुधाकर," त्यांनी हाक मारली.

"काय, आप्पा?"

"आवाज लई बदललाय रं त्येचा."